बेल्टचा हूक काढला होता म्हणून हक्क जात नाही, ताई

पत्र असं आहे, थोडं आटोपतं केलंय, बाकी शब्द त्यांचेच, कंसातले माझे:

"दादा नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. आमच्या घरचे शेडच्या इरेक्शनच्या (लोखंडी सांगाडा उभा करायच्या) कामाला जायचे, वय ३०, रोज ७०० रुपये. मार्च २०२५ मध्ये धुळे जिल्ह्यात एका जिनिंगच्या गोडाऊनचं काम चालू होतं. वर राफ्टरचे (छताच्या मुख्य लोखंडी आडव्याचे) बोल्ट मारत होते तेव्हा राफ्टर पलटी झाला आणि हे २०-२२ फुटावरून खाली कोब्यावर पडले. मणका आणि दोन्ही टाचा मोडल्या, पाठीत रॉड-स्क्रू टाकलेत. आठ महिने झाले, वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात तेवढंच. सोबतची पोरं सांगतात हायड्रा (छोटी क्रेन) दुसऱ्या कॉलमला न्यायची घाई होती म्हणून स्लिंग (राफ्टर क्रेनला लटकवायचा पट्टा) लवकर सोडली. मुकादम आमच्या भाऊकीतलाच. दवाखान्याचे ८० हजार त्याने भरले. आता म्हणतो दीड लाख घ्या आणि स्टॅम्प पेपरवर लिहून द्या की पुढे काही मागणं नाही. म्हणतो बेल्ट (उंचीवर बांधायचा सुरक्षेचा पट्टा) दिलेला होता, यानेच हूक काढला, कायद्याने एक रुपया लागत नाही, मी माणुसकी म्हणून देतोय. आणि आमच्या घरचे पण तेच धरून बसलेत, मन्हीच चूक शे, मन्हीच चूक शे (माझीच चूक आहे). डिस्चार्ज कार्डवर तर मोटरसायकलवरून पडले असं लिहिलंय. धाकटे दीर अजून त्याच मुकादमाकडे कामाला जातात. मी कपाशी वेचायला जाते, दोन लेकरं आहेत, दीड लाख म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नाही. रविवारी तो कागद घेऊन येणार आहे. सही करू का नको?"

ताई, करू नका. तुम्ही पण नाही, भाऊंनी, म्हणजे तुमच्या मिस्टरांनी, पण नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी साक्षीदार म्हणून पण नाही. रविवारी घाई असेल, बाकीचं वाचायला वेळ नसेल, तर एवढंच लक्षात ठेवा आणि बाकीचं सोमवारी वाचा.

आता बेल्टचं बोलू, कारण सगळी गाडी तिथेच अडकलीये, मुकादमाची पण आणि भाऊंच्या मनातली पण.

मी बरीच वर्षं शेडच्या साइटवर सुपरवायझर होतो त्यामुळे हे काम कसं चालतं ते मला माहितीये. आधी कॉलम उभे करतात, खाली बेस प्लेट अँकर बोल्टवर बसवतात, मग हायड्रा राफ्टर उचलते आणि दोन्ही टोकांना कॉलमच्या डोक्यावर एकेक माणूस बसलेला असतो तो भोकाला भोक जुळवून बोल्ट घालतो. इथपर्यंत माणूस एका जागी असतो, बेल्टचा हूक कॉलमला लावून काम करता येतं. पण त्यानंतर त्याला राफ्टरवरून मध्यापर्यंत जावं लागतं, पर्लिन (दोन राफ्टरांमधली, पत्रे ज्यावर बसतात ती आडवी पट्टी) घ्यायला, स्लिंग सोडवायला, मधला जॉइंट आवळायला. आता ज्या बेल्टला एकच दोरी आणि एकच हूक आहे तो लावून माणूस दोरीच्या लांबीच्या पुढे सरकूच शकत नाही. हूक काढायचा, पुढे सरकायचं, परत लावायचा, परत काढायचा. आणि लावायचा तरी कशाला? राफ्टरच्या लांबीवर वायर रोपची लाइफलाइन ताणलेली असली तर हूक तिच्यावरून सरकत जातो, काढायची गरजच पडत नाही. किंवा दोन दोऱ्यांचा डबल हूकवाला फुल बॉडी बेल्ट असला तर एक हूक काढताना दुसरा लागलेला असतो. तुमच्या पत्रात दोन्हीपैकी एकाचाही उल्लेख नाही, आणि इकडच्या साइटवर मी जे बघितलंय त्यावरून मला वाटत नाही की ते तिथे होतं. पण भाऊंना विचारून घ्या: बेल्टला हूक किती होते, एक का दोन, आणि वर वायर रोप बांधलेला होता का. ही दोन उत्तरं आजच वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

म्हणजे बघा, हूक काढल्याशिवाय जे काम होतच नाही ते काम त्याला सांगायचं आणि मग हूक काढला म्हणून त्यालाच दोष द्यायचा. आणि अजून एक गोष्ट भाऊंना सांगा, समोर बसून सांगा. त्या वेळी हूक त्याच राफ्टरला लावलेला असता तर काय झालं असतं? राफ्टर स्वतःच पलटलाय. माणूस त्याच्याबरोबर फिरला असता, कदाचित लोखंडाच्या खालीच आला असता. त्या क्षणाला तो हूक त्यांना वाचवणारा होता असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

राफ्टर पलटला का ते पण समजून घ्या कारण खरी चूक तिथे आहे. राफ्टर म्हणजे लांब पातळ लोखंड, उभं धरलं तर ताकद भरपूर पण आडव्या बाजूने अगदी कमी, वरून पर्लिन आणि बाजूने ब्रेसिंग, म्हणजे तिरपे आधार, लागेपर्यंत तो स्वतःच्या जिवावर सरळ राहायची काही गॅरंटी नसते. म्हणून तोपर्यंत त्याला हायड्राने धरून ठेवायचं असतं, दोन्ही टोकांचे बोल्ट पुरेसे बसवून आवळायचे असतात, पहिल्या फ्रेमला तर वायर रोपचे ताण द्यायचे असतात, आणि मगच स्लिंग सोडायची. हे काही नवीन शोधलेलं नाही. लोखंडी स्ट्रक्चरच्या इरेक्शनच्या सुरक्षेसाठी आपल्या देशात आयएस ७२०५ नावाचा कोड १९७४ सालापासून आहे. आणि मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारनंतर कसा वारा सुटतो ते तुम्हाला सांगायला नको, धुळ्याच्या मोकळ्या माळावर तर अजूनच. अशा वेळी अर्धवट बोल्टवर राफ्टर सोडून हायड्रा पुढच्या कॉलमला न्यायची, कारण हायड्राचं भाडं तासावर असतं. स्लिंग कधी सोडायची हे वर बसलेला माणूस ठरवत नाही, खाली उभा राहून हात दाखवणारा ठरवतो. तो कोण होता, मुकादम स्वतः का कंपनीचा सुपरवायझर, ते नाव पण वहीत घ्या.

आता कायदा. १९२३ सालचा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे, जुने लोक त्याला वर्कमेन कॉम्पेन्सेशन म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता आलीये, पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा, म्हणून अपघाताच्या दिवशी जो कायदा होता तोच धरायचा. ह्या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करायची गरजच नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढं दाखवलं की भरपाई लागू. कामगाराचा साधा निष्काळजीपणा झाला असला तरी लागू.

मुकादम जे बेल्टचं म्हणतोय त्याला कायद्यात अजिबात जागा नाही असं मात्र मी सांगणार नाही, नाहीतर उद्या त्याचा वकील ते कलम काढेल आणि तुम्ही घाबराल. कलम ३ मध्ये लिहिलंय की कामगार दारू प्यायलेला होता, किंवा सुरक्षेचा स्पष्ट दिलेला हुकूम किंवा नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं आणि त्यामुळेच अपघात झाला, तर मालक भरपाई नाकारू शकतो. पण हे सगळं मालकाने सिद्ध करायचं असतं, तुम्ही नाही. "बेल्ट दिला होता" एवढं म्हणून भागत नाही. हूक कुठे लावायचा ते सांगितलं होतं का, लावायला जागा दिली होती का, काम करता करता हूक काढावा लागणं म्हणजे जाणूनबुजून मोडणं होतं का, आणि पडले ते हूकमुळे का राफ्टर पलटल्यामुळे. एवढ्या सगळ्या पायऱ्या त्याला चढाव्या लागतील. आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव चालतच नाही. म्हणून "कायद्याने एक रुपया लागत नाही" हे बोलणं खोटं आहे.

पैशाचं बोलू. हिशोब असा: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा आकडा. पगार जास्त असला तरी ह्या हिशोबाला १५,००० च्या वर धरत नाहीत, ३ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. भाऊंचे ७०० प्रमाणे २६ दिवसांचे १८ हजार वर होतात, म्हणजे १५,००० धरायचे. त्याचे ६० टक्के ९,०००. वय ३० ला कायद्याच्या तक्त्यात आकडा आहे २०७.९८. गुणाकार केला की १८,७१,८२० रुपये. हे कायमचं पूर्ण अपंगत्व धरलं तर. कमाईची ताकद अर्धी गेली असं ठरलं तर ९,३५,९१०, आणि अगदी ३० टक्केच गेली असं धरलं तरी ५,६१,५४६. आता हे दीड लाखाच्या शेजारी ठेवून बघा. शिवाय भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते आणि महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवून धरली असं दिसलं तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड पण बसू शकतो. उपचाराच्या काळात पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के म्हणजे ३,७५० द्यायचे असतात, ते पुढे मोठ्या रकमेतून वजा होतात, पण आत्ता घरात दाणा-पाणी चालवायला ते मागता येतात.

आणि ते ८० हजार, जे प्रत्येक वेळी तुमच्या तोंडावर मारले जात असतील. उपचारावर केलेला खर्च भरपाईतून वजा करता येत नाही, असं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. उलट तुम्ही स्वतःच्या खिशातून जी औषधं, एमआरआय, टाके, वॉकर, गाडीभाडं केलं असेल त्यातला उपचाराचा खरा खर्च पण परत मागता येतो. बिलं एका पिशवीत जमा करा, मेडिकलवाल्याकडून जुनी बिलं परत काढून मिळतात. त्याने वेळेवर पैसे भरले, ऑपरेशन थांबलं नाही, त्याबद्दल त्याचे आभार मानायला माझी काही हरकत नाही, मनापासून माना. पण ते कायद्याने त्याच्यावर होतंच, आणि त्या ८० हजारात भाऊंची पाठ विकत घेतली गेलेली नाही.

टक्केवारीची एक भानगड आहे, इथे खूप लोक फसतात म्हणून जरा सावकाश वाचा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अपंगत्वाचा दाखला मिळतो, त्यावर समजा ४० टक्के येतील. तो दाखला काढाच, युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, लागेल, एसटीच्या सवलतीला, पेन्शनला वगैरे लागतो. पण नुकसानभरपाईत बघायचं असतं ते शरीर किती टक्के गेलं ते नाही, कमाईची ताकद किती गेली ते. मणक्यात रॉड आणि दोन्ही टाचा मोडलेला माणूस खुर्चीत बसून कदाचित काहीतरी करू शकेल, पण तो २२ फुटावर राफ्टरवर परत चढू शकणार आहे का? वजन उचलू शकणार आहे का? सुप्रीम कोर्टाचा १९७५ च्या डिसेंबरमधला एक निकाल आहे, सिनेमा थिएटरच्या कामावर पडलेल्या सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता. मालक म्हणत होता की हे अर्धवट अपंगत्व आहे, एक हात आहे की. कोर्टाने सांगितलं, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे पूर्ण अपंगत्वच. आजही वकील हाच निकाल दाखवतात. तेव्हा डॉक्टरांकडून लिहून घेताना "इरेक्शनचं, उंचीवरचं, वजन उचलायचं काम करू शकत नाही" असं स्पष्ट लिहून मागा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं लिहिलेलं सगळ्यात वजनदार.

आता सगळ्यात तातडीचं, डिस्चार्ज कार्ड. मोटरसायकलवरून पडले असं कुणी लिहून घेतलं असेल ते तुम्हाला पण कळतंय. साइटवरचा अपघात म्हटलं की मालकाला कामगार खात्याला कळवावं लागतं, म्हणून आणणारे लोक केसपेपर काढतानाच वेगळं सांगतात, आणि पेशंट दुखण्याने अर्धमेला असतो, बायको अजून रस्त्यातच असते. हे खूप ठिकाणी होतं. ह्याने केस मरत नाही पण दुखतं, म्हणून आत्ताच हलवा. दवाखान्याला साध्या कागदावर अर्ज करा की पेशंटचे सगळे इनडोअर केसपेपर, नर्सिंग नोट्स, ऑपरेशन नोट्स, एक्स-रे, सीटीच्या प्रती द्या. मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असा डॉक्टरांना नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. कितीतरी वेळा कार्डवर एक असतं आणि आतल्या कागदावर रात्रीच्या डॉक्टरने पेशंटला विचारून खरं लिहिलेलं असतं. आणि आधी धुळ्याकडे कुठे प्राथमिक उपचार झाले असतील तर तिथला कागद वेगळा मागा, पहिला कागद सगळ्यात मोलाचा. १०८ ने नेलं असेल तर तिची नोंद पण असते. शिवाय जखमा स्वतः बोलतात: दोन्ही टाचा आणि कमरेचा मणका एकदम मोडणं हे उंचावरून पायावर पडलेल्या माणसाचं नेहमीचं चित्र आहे, आणि हे कोर्टात हाडांचे डॉक्टर सांगू शकतात.

बाकी पुरावा तुमच्याच घरात आहे. भाऊंचा मोबाईल कुणाला देऊ नका, रिसेट करू नका. साइटवरचे फोटो, व्हाट्सअपवरचे "उद्या लवकर या" टाइपचे मेसेज, व्हॉइस मेसेज, फोन-पेवर आलेली मजुरी, हजेरीच्या पानाचा फोटो, सगळं दुसऱ्या फोनमध्ये कॉपी करून ठेवा. पोरांपैकी जे बोलायला तयार आहेत त्यांची नावं आणि गाव लिहून ठेवा. त्यांच्यावर आत्ता दबाव आणू नका, त्यांचं पण पोट त्यावरच आहे.

कुणाकडे मागायचं? इथे मला वाटतं तुमच्या डोक्यात फक्त मुकादम आहे आणि म्हणूनच भाऊकीचं एवढं ओझं वाटतंय. साखळी बघा. जिनिंगवाल्याने शेडचं काम एखाद्या फॅब्रिकेशनवाल्या कंपनीला दिलं असणार, कंपनीने इरेक्शन टनावर मुकादमाला दिलं असणार. कलम १२ प्रमाणे जी कंपनी आपल्या नेहमीच्या धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेते ती त्याच्या कामगाराच्या भरपाईला स्वतः जबाबदार असते. शेड उभं करणं हाच तिचा धंदा, म्हणून ती सुटत नाही. जिनिंगवाल्यावर ह्या कलमाने जबाबदारी येईल का ह्यावर वाद होऊ शकतो, कारण त्याचा धंदा कापसाचा आहे, पण अर्जात त्याला पण सामनेवाला करा, काय ते कोर्ट ठरवेल. आणि अशा कंपन्यांची बऱ्याचदा डब्ल्यूसी पॉलिसी असते, म्हणजे कामगारांच्या अपघाताचा विमा. तो असेल तर पैसे विमा कंपनीकडून येतात. खरं म्हणजे मुकादमाने स्वतःच विचारायला पाहिजे होतं की पॉलिसी आहे का. पॉलिसी नसेल तर कंपनी भरपाई देऊन नंतर त्याच्याकडून वसूल करायला बघेल हेही खरं, ते मी लपवत नाही. पण ते त्या दोघांमधलं. आणि हो, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात होता का ते एकदा विचारा, कापला जात असेल तर रस्ता पूर्ण वेगळा, मग ह्या कायद्याखाली नाही तर ईएसआयकडून पैसे मिळतात. रोजंदारीवरच्या मुकादमाच्या पोरांचा सहसा नसतो.

अर्ज कुठे? अपघात धुळे जिल्ह्यात झाला म्हणून तुम्हाला धुळ्याला चकरा माराव्या लागणार नाहीत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात पण अर्ज करता येतो, म्हणजे जळगाव. मुदत अपघातापासून दोन वर्षं, मार्च २०२७ पर्यंत, पण तेवढं थांबायचं काही कारण नाही. वकिलाची फी कुठून आणायची हा प्रश्न मनात आला असेल. जळगावला जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, अमळनेर कोर्टात तालुका समिती आहे. बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, अपंग व्यक्तीला पण मिळतो, १९८७ च्या कायद्याने. १५१०० ह्या नंबरवर फोन केला तरी सांगतात. आधार, रेशन कार्ड, दवाखान्याचे कागद घेऊन जा. तिथे सांगा की नुकसानभरपाई आयुक्तांपुढे अर्ज करायचाय, आणि त्याच्या आधी मुकादम, कंपनी आणि जिनिंगवाला तिघांना नोटीस पाठवायचीये. नोटीस स्पीड पोस्टाने जाऊ द्या, पावती जपा. नोटीस गेल्यावर ते म्हणाले आमच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, खर्च आमचा, तर नाही म्हणू नका, विनाकारण नकार दिला तर हक्क तेवढे दिवस थांबतो. फक्त जाताना आपले कागद झेरॉक्सच न्या आणि कुठल्याही छापील फॉर्मवर सही करू नका.

समजा दवाखान्यात असतानाच भाऊंचा अंगठा किंवा सही कुठे घेतली गेलीये, बऱ्याच घरात हे नंतर कळतं. तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देतो असं लिहून घेतलेला करार ह्या कायद्यात रद्दबातल आहे, कलम १७. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम फारच कमी वाटली तर ते नोंदवायला नकार देतात. पाचशेच्या स्टॅम्पवर गावात बसून केलेला कागद म्हणजे कोर्टाचा निकाल नाही. मग मी सही करू नका म्हणून एवढा का ओरडतोय? कारण तो कागद उद्या दाखवून तुमची दोन वर्षं घालवता येतात, आणि तुमच्याकडे घालवायला दोन वर्षं नाहीत.

रविवारी तो आला की भांडू नका. चहा करा. एवढंच म्हणा: "दादा, तुम्ही वेळेवर दवाखाना केला ते आम्ही विसरणार नाही. पण कागदावर सही वकिलांना दाखवल्याशिवाय करायची नाही असं आम्ही ठरवलंय. कंपनीची पॉलिसी असेल तर तिचा नंबर आणून द्या, तुमच्यावरचं पण ओझं कमी होईल." आत्ता काही पैसे देत असेल तर बँकेत किंवा फोन-पेवर घ्या, आणि पावतीवर "भरपाईपोटी आगाऊ" एवढंच लिहा, "पूर्ण आणि अंतिम" हे शब्द असतील तर घेऊ नका. दिराला कामावरून काढायची धमकी दिली तर ते बोलणं कुणासमोर झालं ते लिहून ठेवा. दिराला सोबत घेऊनच हे ठरवा, त्याच्या माघारी नाही, नाहीतर भांडण घरातच सुरू होईल आणि मुकादमाचं काम आपोआप होईल.

त्या दिराबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते खरं सांगतो. तो अजून त्याच माणसाच्या हाताखाली वर चढतोय. त्याला सांगा, डबल हूकचा बेल्ट आणि वर ताणलेली वायर रोप दिसली नाही तर चढायचं नाही, बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय स्लिंग सोडली तर खाली यायचं, आणि कुणी पडलंच तर त्याला उचलून पिकअपमध्ये बसवायचं नाही, मान-पाठ न हलवता तसाच आडवा ठेवून १०८ ला फोन करायचा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी लगेच करा, १८ ते ६० वय आणि वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवक देतात. नोंदणी असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख आणि ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख मंडळाकडून मिळतात, वरच्या भरपाईपेक्षा वेगळे. भाऊंची नोंदणी होती का ते पण ह्याच निमित्ताने बघा, नूतनीकरण झालेलं असेल तर त्यांचा पण अर्ज होईल.

आणि भाऊ. ज्या माणसाला गावात "वर चढणारा" म्हणून ओळखायचे तो आठ महिने ओट्यावर बसलाय आणि बायको कपाशी वेचून आणतेय, त्याच्या मनात चूक माझीच हे घर करून बसणारच. त्याला वाद घालून पटणार नाही. हे बेल्टचं, राफ्टरचं, स्लिंगचं जे लिहिलंय ते त्यालाच वाचायला द्या, तो काम समजतो, त्याला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा लवकर कळेल. रात्री झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, मरणाचं बोलत असेल तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि पायात नवीन बधिरपणा, जास्त अशक्तपणा किंवा लघवी-संडासवर ताबा राहत नाही असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आधी दवाखान्याचे केसपेपर मागायचा अर्ज, ह्याच आठवड्यात. ते हातात आले की अमळनेर कोर्टात. केसपेपर द्यायला टाळाटाळ झाली किंवा आत पण मोटरसायकलच लिहिलेली निघाली तर मला तसं कळवा, दुरुस्तीचा अर्ज आणि सोबतच्या पोरांची प्रतिज्ञापत्रं कशी करायची ते मग तुमच्या कागदांवरून नेमकं सांगतो.